कॅरव्हॅनमधला इन्व्हर्टर: अर्थ कशाला जोडायचा आणि न्यूट्रल कुठे बांधायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गाडीमागे ओढायची छोटी कॅरव्हॅन तुम्ही ठाण्यात बनवून घेतली आहे. आत १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची एलएफपी जातीची लिथियम बॅटरी, २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि छतावर सोलर. वायरिंग ओळखीच्या घरगुती इलेक्ट्रिशियनने केलंय. बॅटरी ते इन्व्हर्टर १६ स्क्वेअरची (म्हणजे १६ चौरस मिलिमीटरची) वायर टाकली आहे. सॉकेटांच्या हिरव्या वायरी एकत्र पिळून, टेप लावून सोडून दिल्या आहेत, कारण "गाडी टायरवर उभी, तिला अर्थ कसला?" आता टेस्टर लावला की सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा लागतो. पायरीवर अनवाणी बसून लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. एक मित्र म्हणतो तांब्याचा रॉड जमिनीत ठोका, दुसरा म्हणतो न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका. शिवाय सोसायटीत उभी असताना पार्किंगमधल्या सॉकेटवरून वीज घ्यायची आहे, आणि पावसाळा सरला की गुहागरला जायचंय.

मी मुख्यतः व्हॅनिटी व्हॅन आणि बोटींचं वायरिंग करतो. गोरेगावच्या फिल्मसिटीत जनरेटरवर चालणारी व्हॅन काय किंवा ससून डॉकला लागलेली बोट काय, अडचण तुमचीच असते: वीज स्वतःची, बॉडी धातूची, आणि आजूबाजूला ओल.

थोडक्यात उत्तर असं. रॉड नको. सगळ्या हिरव्या वायरी चासीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला, जोडा. न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड हवा, पण एका वेळी एकच, आणि तुमच्या इन्व्हर्टरला तो चालत असेल तरच. त्याच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). आणि बॅटरीची ती १६ स्क्वेअरची वायर बदलेपर्यंत इन्व्हर्टरवर मोठं काही चालवू नका. झिणझिण्यांमुळे तुम्ही प्रश्न विचारलात हे बरं झालं, पण आग लागायची असेल तर ती त्या वायरीतून लागेल. आता कारणं.

घरी टेस्टर एकाच भोकात लागतो. शहरात बेस्ट असो, उपनगरांत अदानी किंवा टाटा असो, तुमच्याकडे ठाण्यात महावितरण असो, सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच जमिनीशी बांधलेला असतो. त्यामुळे न्यूट्रल जमिनीच्या पातळीला राहतो आणि फेज तिच्यापेक्षा २३० व्होल्टने वेगळी. तुमच्या इन्व्हर्टरच्या आत असं काही बांधलेलं नाही. त्याच्या दोन तारांमध्ये २३० व्होल्ट असतात, एवढंच खरं. त्यातली फेज कुठली आणि न्यूट्रल कुठला हे फक्त सॉकेटवर छापलेल्या अक्षरांपुरतं. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे दोन्ही तारा चासीपासून साधारण अर्ध्या अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतात. टेस्टरमधल्या निऑनला तेवढं पुरतं. म्हणून दोन्हीकडे दिवा.

लॅपटॉपची गोष्टही हीच. चार्जरमध्ये दोन्ही तारांपासून अर्थच्या पिनेकडे छोटे कपॅसिटर असतात. ती पिन कुठेच जोडलेली नसली की लॅपटॉपची धातूची बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर जाऊन बसते, आणि ओल्या जमिनीवर पाय टेकलेला माणूस त्या अडलेल्या करंटला वाट करून देतो. हा करंट मिलिअँपिअरच्या अंशात असतो. साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला माणसाला जाणवायला लागतं, दहाच्या पुढे हात सुटेनासा होतो. म्हणजे लॅपटॉपच्या झिणझिण्यांनी जीव जाणार नाही. पण त्याच सॉकेटात उद्या किटली लावाल, तिच्या एलिमेंटला ओल लागेल, आणि तेव्हा हिरवी वायर टेपमध्येच गुंडाळलेली असेल.

तुमच्या इलेक्ट्रिशियनला मी फार दोष देणार नाही. मुंबईत वीज क्वचित जाते, त्यामुळे इथल्या माणसाचा इन्व्हर्टरशी संबंध तसा कमीच. आणि जे घरगुती इन्व्हर्टर तो बसवतो, त्यातल्या बहुतेकांत न्यूट्रल मेनचाच पुढे जातो. वीज गेली तरी न्यूट्रलची तार सबस्टेशनपर्यंत जोडलेलीच असते, त्यामुळे त्याला वेगळं काही करावं लागत नाही. कॅरव्हॅनमध्ये ती तार नसते. घरचा हिशेब इथे चालत नाही तो एवढ्याचसाठी.

रॉड का नको

विजेला जमिनीत जायची ओढ असते, ही समजूत आपल्याकडे शाळेपासून घट्ट बसलेली आहे. करंटला परत जायचं असतं ते तो जिथून निघाला तिथे. सबस्टेशनहून आलेला करंट जमिनीतून परत जाऊ शकतो, कारण सबस्टेशनने आपलं एक टोक जमिनीत रोवलेलं आहे. तुमच्या इन्व्हर्टरमधून निघालेल्या करंटला गुहागरच्या वाळूत काही काम नाही. त्याला इन्व्हर्टरच्या दुसऱ्या टर्मिनलला पोचायचंय.

बरं, समजा तुम्ही न्यूट्रल रॉडला जोडलात, बॉडी वेगळ्या रॉडला जोडलीत, आणि फेज बॉडीला टेकली. कोकणातल्या जांभ्यात हाताने ठोकलेल्या हातभर रॉडला १०० ओहम रेझिस्टन्स सहज येतो, कोरड्या दिवसांत त्याहूनही जास्त. दोन रॉडचे मिळून २०० धरा. २३० भागिले २०० म्हणजे सव्वा अँपिअरपेक्षाही कमी. या करंटवर कुठलाच एमसीबी पडणार नाही आणि बॉडी जिवंतच राहील. तेच काम चासीला जोडलेली हातभर तांब्याची तार एका ओहमच्या किरकोळ अंशात करते. म्हणून रॉडवर पैसे घालवू नका. बोटीत कोण रॉड ठोकतो?

इमारतीला अर्थिंगचे खड्डे लागतात, कारण ती सबस्टेशनच्या व्यवस्थेचा भाग असते आणि तिला वीज पडण्याचाही विचार करावा लागतो. तो प्रश्न वेगळा.

तरंगतं ठेवलं तर काय बिघडतं?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. तरंगत्या व्यवस्थेत एकच उपकरण असेल आणि त्यातली एक तार बॉडीला टेकली, तर करंटला परतीचा रस्ताच नसल्याने काही होत नाही. गाडीच्या सॉकेटात लावायचा दीडशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर असाच वापरतात आणि तो तसाच ठीक आहे.

पण तुमच्याकडे सॉकेट अनेक आहेत. पहिला बिघाड झालेला कळतच नाही. फ्रीजची एक तार बॉडीला टेकून महिनाभर बसेल, सगळं सुरळीत चालेल, आणि तेवढ्यात तुमची व्यवस्था गुपचूप बांधली गेलेली असेल, तीही भलत्या जागी. मग दुसऱ्या उपकरणाची दुसरी तार सुटली की हिरव्या वायरीने एकमेकांना न जोडलेल्या दोन धातूंच्या भांड्यांमध्ये सरळ २३० व्होल्ट. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या माणसाचं रेझिस्टन्स हजार ओहम धरलं तर २३० मिलिअँपिअर. आणि तरंगत्या व्यवस्थेत आरसीसीबी पहिल्या बिघाडाला पडत नाही, कारण करंट गळतच नसतो.

इथे एक फसगत आहे, चांगले चांगले फसतात. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं की तो तरंगत्या व्यवस्थेतही पडतो. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच, आतल्या कॉइलला वळसा घालून, थोडा करंट सोडतं. त्याला अर्थशी देणंघेणं नाही. बटणाने पडला म्हणून माणसाला वाचवेल, असं समजू नका.

मग एमसीबी पुरेसा नाही का? नाही. २००० वॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टला जेमतेम पावणेनऊ अँपिअर देतो, काही क्षण दुप्पट. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तेवढे आणायचे कुठून? शॉर्ट झाला तर इन्व्हर्टर स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सने बंद होईल, एमसीबी तसाच वर राहील. एमसीबी वायरी सांभाळतो, तो असू द्या, दोन पोलचा १० अँपिअरचा. माणूस सांभाळायचं काम आरसीसीबीचंच, आणि त्याला ते करता यावं म्हणून न्यूट्रल-अर्थचा जोड.

जोड कुठे आणि कसा

जागा महत्त्वाची आहे. जोड इन्व्हर्टरच्या बाजूला, आरसीसीबीच्या आधी. म्हणजे इन्व्हर्टरचा न्यूट्रल बाहेर पडतो तिथे तो हिरव्या वायरीला बांधायचा, आणि मग फेज-न्यूट्रल आरसीसीबीत न्यायचे. जोड आरसीसीबीच्या पलीकडे, सॉकेटांच्या बाजूला घातला, तर बिघाडाचा करंट त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून परत येतो. जाणारा आणि येणारा सारखाच भरतो आणि तो हूं की चूं करत नाही. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये वायरीचा तुकडा घालण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती यासाठीच वाईट.

आता इन्व्हर्टरला हे चालतं का? सगळ्यांना चालत नाही. काही स्वस्त इन्व्हर्टरांमध्ये आउटपुटची दोन्ही टोकं आतल्या हाय-व्होल्टेज डीसीच्या मध्यबिंदूभोवती मुद्दाम वर-खाली ठेवलेली असतात, आणि काहींत तो मध्यबिंदू केसला जोडलेला असतो. अशाचा न्यूट्रल चासीला बांधलात तर चालू करताक्षणी आतले ट्रान्झिस्टर जातात. मीटरने हे ओळखता येत नाही, कारण निव्वळ तरंगता इन्व्हर्टर आणि मध्याला बांधलेला इन्व्हर्टर, दोघेही फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये सारखेच ११५-११५ दाखवतात. म्हणून माहितीपुस्तिका बघा, नाहीतर बनवणाऱ्याला लेखी विचारा: "आउटपुटचा न्यूट्रल चासीला बांधलेला चालतो का?" दुकानदाराच्या तोंडी "हो, चालतं साहेब"वर जाऊ नका.

मीटरने एक गोष्ट मात्र कळते. इन्व्हर्टर पूर्ण बंद, बॅटरी सोडवलेली, आउटपुटला काही लावलेलं नाही, अशा वेळी सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप आला तर जोड कंपनीनेच आत घातलेला आहे आणि तुम्ही दुसरा घालायचा नाही. चालू केल्यावर फेज-अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थ शून्याच्या आसपास दिसलं तरी तेच.

जोड चालत नाही असं उत्तर आलं तर माझा सल्ला सरळ आहे: तो इन्व्हर्टर विका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू तारेने न जोडता वीज पुढे देणारा) लावून मार्ग निघतो, पण २००० वॅटचा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरमध्ये वागवायला जड, आणि तो रिकामा असतानाही बॅटरी खातो.

सोसायटीचं सॉकेट

बाहेरची वीज जोडली की न्यूट्रल-अर्थचा जोड तिकडे, पुरवठ्याच्या बाजूला आधीच असतो. तुमच्या कॅरव्हॅनमधला जोडही तेव्हा लागलेला असला, तर न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परत जायला लागतो. अर्धामुर्धा तुमच्या चासीतून आणि अर्थच्या वायरीतून. सोसायटीच्या बोर्डावर आरसीसीबी असेल तर तो लगेच पडतो आणि वॉचमन तुमच्या नावाने ओरडतो. नसेल तर तो करंट तसाच वाहत राहतो, जे जास्त वाईट.

म्हणजे एका वेळी जी वीज चालू आहे, तिचाच जोड लागलेला हवा. याला तीन मार्ग आहेत.

सगळ्यात नीट मार्ग इन्व्हर्टर-चार्जरचा. व्हिक्ट्रॉनच्या मल्टिप्लससारख्या यंत्रांत आत एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो. इन्व्हर्टरवर चालताना तो न्यूट्रल अर्थला बांधतो, बाहेरची वीज आली की सोडतो. महाग पडतं, पण चार्जर आणि चेंजओव्हर (एका विजेवरून दुसऱ्या विजेवर जायची सोय) त्यातच येतात.

दुसरा मार्ग चेंजओव्हर स्विच, आणि तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मधे पूर्ण बंदची जागा असलेलाच हवा. आपल्याकडे चेंजओव्हरमध्ये फक्त फेज बदलून न्यूट्रल एकत्र ठेवण्याची खोड आहे. ती इथे पूर्ण घात करते: न्यूट्रल एकत्र राहिला की जोडही कायम राहिला.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. कॅरव्हॅनच्या डीबीला (एमसीबी-आरसीसीबीच्या डब्याला) एकच येणारी तीन कोअरची केबल ठेवा, टोकाला प्लग. तो प्लग एकतर इन्व्हर्टरच्या सॉकेटात बसेल नाहीतर बाहेरून आलेल्या केबलच्या सॉकेटात. दोन्हीकडे एकदम बसूच शकत नाही. न्यूट्रल-अर्थचा जोड फक्त इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या टोकाला. आरसीसीबी डीबीत, त्यामुळे दोन्ही वेळा उपयोगी. हाताने प्लग बदलायचा कंटाळा नसेल तर यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. बॅटरीचा चार्जर मात्र थेट बाहेरच्या केबलवर ठेवा, आणि त्याला त्याचा वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला) द्या. नाहीतर इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर बॅटरीला, असं गोल फिरत बॅटरी संपेल.

कॅरव्हॅनच्या बाहेरच्या बाजूला निळा तीन पिनचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट लावा, झाकणाचा. घरगुती प्लग पावसात नको. केबल तीन कोअर, २.५ स्क्वेअर, पूर्ण उलगडलेली. आणि पार्किंगच्या सॉकेटला अर्थ आहे की नाही हे आधी तपासा. फेज-अर्थमध्ये मीटर २३०च्या आसपास दाखवायला हवा. जुन्या इमारतींत पार्किंगच्या दिव्यावरून ओढलेल्या सॉकेटला अर्थची भोकं नुसती शोभेला असतात.

आरसीसीबी शक्यतो ए प्रकारचा घ्या. एसी प्रकारचा स्वस्त मिळतो, पण इंडक्शन, चार्जर अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीत डीसीचा अंश असतो आणि त्याला तो आंधळा ठरू शकतो.

आता ती १६ स्क्वेअरची वायर

२००० वॅट बाहेर काढायला इन्व्हर्टर आत साधारण २२०० घेतो. १२ व्होल्टला भागा: १८५ अँपिअर. घरात आयुष्यभर ६ आणि १६ अँपिअर बघितलेल्या माणसाला हा आकडा पटकन पचत नाही, आणि १६ स्क्वेअर त्याला जाडजूड वाटते.

बॅटरी ते इन्व्हर्टर दोन मीटर धरले तर जाऊन येऊन चार मीटर तांबं. १६ स्क्वेअरमध्ये त्याचा रेझिस्टन्स साडेचार मिलिओहमच्या जवळ. १८५ अँपिअरला पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच जातो आणि दीडशे वॅट उष्णता त्या वायरीत तयार होते, तीही फळीमागे, जिथे हवा नाही. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रेलरच्या आतच तापमान निम्म्यावर गेलेलं असतं. ७० स्क्वेअर घातली तर तीच उष्णता ३५ वॅटवर येते, व्होल्टेज जेमतेम ०.१८ व्होल्टने पडतं. अमेरिकन व्हिडिओंमध्ये जिला दोन-शून्य गेज म्हणतात ती म्हणजे साधारण हीच. इन्व्हर्टर बॅटरीच्या एक मीटरच्या आत आणता आला तर त्याहून चांगलं काही नाही. डीसी आखूड ठेवायचं, लांब न्यायचं असेल तर २३० न्या.

केबल बारीक तारांची, तांब्याची, वेल्डिंग केबलच्या जातीची. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळते, पण घेताना टोक कापून तारा ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. लग (केबलच्या टोकाला बसवायचे भोकाचे धातूचे तुकडे) टिन केलेले, हायड्रॉलिक पंचने दाबलेले. हातोडीने चेपलेला किंवा नुसता डाग दिलेला लग कशेडी घाटाच्या हादऱ्यांत ढिला पडतो, आणि १८५ अँपिअरला ढिला जोड म्हणजे शेगडी.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. इन्व्हर्टरपाशी लावलेला फ्यूज वायरीला वाचवत नाही, कारण मधली वायर कुठे घासून चासीला लागली तर करंट फ्यूजपर्यंत पोचतच नाही. ७० स्क्वेअरला २५० अँपिअरचा. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडू शकते, त्यामुळे फ्यूज किती अँपिअरचा एवढंच बघून भागत नाही, तो किती मोठा शॉर्ट तोडू शकतो तेही बघावं लागतं. क्लास टी फ्यूज यासाठी उत्तम, पण तो बाजारात मागितला की बहुतेक दुकानदार तोंडाकडे बघतात. ऑनलाइन मागवा, किंवा ज्याच्यावर डीसीचं व्होल्टेज आणि तोडण्याची क्षमता स्पष्ट छापलेली आहे असा बोल्टने बसणारा एचआरसी (मोठा शॉर्ट तोडू शकणारा) फ्यूज घ्या. गाण्याच्या सिस्टिमसाठी मिळणारे चकचकीत फ्यूज नकोत. आणि घरगुती एमसीबी डीसीला वापरू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसीची विझत नाही.

अजून एक, ज्याकडे लक्ष जात नाही. २०० अँपिअर-अवरच्या बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) १०० अँपिअरचाच असतो. १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट, इन्व्हर्टरची तूट वजा जाता साडेअकराशे. तुमची बॅटरी तशी असेल तर १८०० वॅटचा इंडक्शन लावताच बीएमएस सगळं तोडेल आणि तुम्ही इन्व्हर्टर बदलत बसाल. बॅटरीवरचं लेबल वाचा. उद्या कुणी नव्याने सुरुवात करणार असेल तर माझं मत २४ व्होल्टच्या बाजूने: करंट निम्मा, वायर निम्मी.

चासी, केस आणि ट्रेलरच्या गोष्टी

बॅटरीचा मायनस एका बसबारवर, म्हणजे सगळे जोड एकत्र आणणाऱ्या धातूच्या पट्टीवर, आणा. इन्व्हर्टरचा मायनस त्याच बसबारवर, त्याच ७० स्क्वेअरच्या केबलने. चासीला परतीची वायर म्हणून वापरू नका. बसबारपासून चासीला एकच जाड जोड, एकाच जागी.

इन्व्हर्टरच्या केसवर अर्थचा एक स्क्रू असतो. त्याला २.५ स्क्वेअरची हिरवी वायर जोडून सगळे मोकळे होतात. विचार करा: बॅटरीचा प्लस केसला टेकला तर हजारभर अँपिअर त्याच वायरीतून परत जाणार, आणि २५० अँपिअरचा फ्यूज उडायच्या आधी ती बारीक वायरच जळेल. केसपासून चासीपर्यंतची वायर प्लसच्या निदान निम्म्या जाडीची, तुमच्याकडे ३५ स्क्वेअर, हवी. काही इन्व्हर्टरांत केस आणि मायनस आतून जोडलेले असतात. तिथे मुख्य मायनसचा नट ढिला झाला तर सगळा १८५ अँपिअर या वायरीवर येतो, हेही कारण आहेच.

चासीचा बोल्ट लावताना रंग खरवडून उघडं लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. समुद्राच्या हवेत नुसता आवळलेला जोड एका पावसाळ्यात गंजतो. बॉडीचे ॲल्युमिनियमचे पत्रे, गॅसची पाइप, सिंकची चौकट, हे सगळे आपोआप चासीला जोडलेले असतात असं धरून चालू नका. मधे रबर आणि सीलंट असतं. ४ स्क्वेअरच्या वायरीने एकेक बांधून घ्या.

ओढणाऱ्या गाडीशी जोड हुकच्या गोळ्यातून होतो असं समजू नका, तिथे ग्रीस असतं. आणि दिव्यांच्या सात पिनी प्लगमधून बॅटरी चार्ज करायचा मोह टाळा. त्या वायरी दिव्यांसाठी आहेत. गाडीकडून चार्जिंग हवं असेल तर डीसी-डीसी चार्जर, स्वतःचा फ्यूज, प्लस-मायनस दोन्ही जाड वायरी आणि वेगळा अँडरसन प्लग (मोठ्या डीसी करंटसाठीचा).

एसीचं वायरिंगही बहुतारी फ्लेक्झिबल वायरीतच करा, घरातली एकतारी वायर हादऱ्याने तुटते. आणि रंगांचा घोळ टाळा. आपल्या घरगुती वायरिंगमध्ये काळा म्हणजे न्यूट्रल, बॅटरीच्या वायरिंगमध्ये काळा म्हणजे मायनस, लाल तर दोन्हीकडे. दोन्ही एकाच डब्यात आणू नका आणि डीसीच्या वायरींवर पिवळी स्लीव्ह चढवा. पुढचा मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल.

तपासणी

सगळं झाल्यावर इलेक्ट्रिशियनसमोर हे करून घ्या. बॅटरी सोडवलेली असताना प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनेपासून चासीपर्यंत मीटरने बघा, ओहमचा अंशच दिसायला हवा. मग इन्व्हर्टर जोडताना प्लसच्या केबलला आधी २५-५० ओहमच्या रेझिस्टरमधून काही सेकंद स्पर्श द्या, म्हणजे आतले कपॅसिटर सावकाश भरतील आणि मोठी ठिणगी पडणार नाही. चालू केल्यावर फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. टेस्टर आता एकाच भोकात लागेल.

त्यानंतर खरी परीक्षा: होल्डरमधला १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावायचा. तो साधारण ६५ मिलिअँपिअर घेतो. जोड बरोबर असेल तर बल्ब पेटायच्या आत आरसीसीबी पडेल. बल्ब नीट पेटत राहिला तर जोड आरसीसीबीच्या चुकीच्या बाजूला आहे. बल्ब पेटलाच नाही आणि आरसीसीबीही पडला नाही, तर जोडच नाही किंवा हिरवी वायर कुठेतरी तुटलेली आहे. हीच तपासणी सोसायटीच्या विजेवर पुन्हा करा. ही जिवंत वायरीवरची गोष्ट आहे, स्वतः करू नका.

इन्व्हर्टरच्या मागच्या प्लेटचा, बॅटरीच्या लेबलचा आणि माहितीपुस्तिकेतल्या आउटपुटच्या पानाचा फोटो टाका. न्यूट्रल बांधता येईल की इन्व्हर्टर बदलावा लागेल, हे त्यावरूनच सांगता येईल. तोवर लॅपटॉप घरीच चार्ज करून न्या.